गाव वर, विहीर खाली

दक्षिण फ्रान्समधल्या मिनेर्व्ह गावात पाहुण्यांच्या गाड्यांना मज्जाव आहे. गाडी दरीच्या अलीकडे वरच्या अंगाला लावायची आणि चालत उतरायचं. एका वळणावर गाव समोर येतं, पण नजर जाते ती आधी त्याच्याभोवतीच्या पोकळीकडे. सेस आणि ब्रियाँ या दोन नद्यांनी चुनखडीचं पठार खोलवर कापून काढलंय. त्यांच्या संगमावर मधोमध उरलेल्या खडकाच्या जिभेवर पिवळट-करड्या दगडांची घरं एकमेकांना धरून उभी आहेत. एका चिंचोळ्या पट्टीपुरतं गाव मागच्या पठाराला चिकटलेलं, बाकी तिन्ही बाजूंना कडा. वस्ती शंभर-सव्वाशे माणसांची. ‘फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं’ नावाची एक अधिकृत यादी आहे, त्यात या गावाचं नाव आहे. त्यामुळे उन्हाळ्यात वस्तीच्या कितीतरी पट माणसं रोज इथून फिरून जातात. सप्टेंबरच्या सुरुवातीला आम्ही गेलो, तेव्हा ती लाट ओसरली होती.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझा भाचा. तो तुलूझला विमानांच्या पंखांची गणितं करतो. तुलूझमध्ये या धंद्यात मराठी मुलं बरीच आहेत, शनिवारी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीपाशी हमखास एखादं भेटतं. तुलूझहून मिनेर्व्ह पावणेदोन तासांवर. वाटेत कार्कासोनचा किल्ला हायवेवरूनही दिसतो. “मावशी, आधी तो बघू या का?” असं त्याने दोनदा विचारलं. मी नको म्हटलं. कार्कासोन एकोणिसाव्या शतकात इतक्या हौसेने दुरुस्त केलंय, की तिथे जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे ओळखण्यातच दिवस जातो. मिनेर्व्हच्या किल्ल्याला असा हात कुणी लावला नाही. लावायला काही उरलंच नव्हतं. पठाराला जोडणाऱ्या पट्टीवर एक उंच, सडपातळ बुरुजाचा तुकडा तेवढा उभा आहे. गावकरी त्याला ‘कांदेला’ म्हणतात, मेणबत्ती. पायथ्याशी इतका बारीक, की वाऱ्याने पडत कसा नाही असं वाटावं. भाच्याने डोळे बारीक करून गुरुत्वमध्याबद्दल काहीतरी सांगितलं, मला कळलं नाही.

आम्ही थेट गावात न शिरता आधी नदीच्या पात्रात उतरलो. सेस कोरडी होती, उन्हाळ्यात ती असतेच. पाणी वरच्या अंगालाच चुनखडीच्या भेगांमधून जमिनीखाली जातं आणि इथे पात्रात फक्त पांढरे गोटे उरतात. या नदीने जुनी वळणं सोडून सरळ डोंगराच्या पोटातून वाट काढली आहे. त्यामुळे गावाच्या पश्चिमेला दोन नैसर्गिक बोगदे तयार झालेत. मोठ्या बोगद्यातून कोरड्या दिवसांत माणूस आरामात चालत जाऊ शकतो. आत गारवा, पायाखाली गोटे आणि वर खडकाचं भलंमोठं छत. दगड जवळून पाहिला तर त्यात गव्हाच्या दाण्यांएवढे असंख्य जीवाश्म दिसतात. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्यातल्या सूक्ष्म जीवांच्या या कवच्या. अख्खं गाव त्यांच्यावर उभं आहे आणि त्यांचंच बांधलेलं आहे.

हे भूगर्भाचं सांगायचं कारण असं की पुढचं सगळं त्यातून निघतं. चुनखडी पाणी गिळते. आपल्याकडे गडावर गेलं की डोळे आपोआप टाकी शोधतात. आमच्या सह्याद्रीचा काळा कातळ पाणी धरून ठेवतो, म्हणून वरच्या माथ्यावरही टाकी खोदता आली. मी मिनेर्व्हमध्येही सवयीने विचारलं, पाणी कुठे? उत्तर कड्याच्या खाली होतं. सेंट रुस्तिकच्या नावाने ओळखली जाणारी ती विहीर दरीच्या तळाशी, तटाच्या बाहेर आहे. विहिरीपर्यंत जायला गावातून एक आच्छादित वाट होती. ती वाट शाबूत तोवर गाव शाबूत.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाविषयी पहिली अट पाण्याची आहे : आधी उदक पाहावं, मग किल्ला बांधावा. त्याहून शहाणपणाचं पुढे आहे. एक झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात. म्हणून साठ्याची टाकी जादा बांधावीत. तोफांच्या आवाजाने झरा खरंच आटतो का, हे तज्ज्ञांनी सांगावं. पण पाण्याच्या एकाच जागेवर भरवसा नको हा धडा तिथे लिहिलेला आहे. तो लिहिला गेला त्याच्या पाचशे वर्षं आधी मिनेर्व्हमध्ये तो शिकवला गेला होता.

गोष्ट १२१० च्या उन्हाळ्याची. दक्षिण फ्रान्सचा हा मुलूख तेव्हा नावापुरता फ्रान्सच्या राजाचा. भाषा वेगळी, म्हणजे ऑक्सितान, आणि सत्ता तुलूझचे काउंट, कार्कासोनचे त्रांकाव्हेल अशा घराण्यांची. इथे ख्रिस्ती धर्मातच एक निराळी वाट धरलेली माणसं राहत होती. आपण त्यांना आज कॅथर म्हणतो, शेजारीपाजारी त्यांना नुसतं ‘भले लोक’ म्हणत. हे जग, हे शरीर, ही सगळी माती चांगल्या देवाने घडवलेलीच नाही, असं ते मानत. आत्मा शरीरात अडकलेला आहे, आणि सुटका होईपर्यंत तो एका देहातून दुसऱ्यात जात राहतो, कधी प्राण्याच्याही. म्हणून दीक्षा घेतलेली माणसं मांस, अंडी, दूध, चीज काहीच खात नसत, मासे तेवढे चालत. शपथ घेणं आणि जीव घेणं, दोन्ही वर्ज्य. बायकांनाही दीक्षा मिळे आणि त्यांची वेगळी घरं असत, गावातच, रस्त्यावरच. हे वाचताना आपल्यापैकी कुणालाही ओळखीचं वाटेल, आणि ‘हे आपल्याकडूनच गेलं असणार’ असं म्हणायचा मोह होईल. मी तो आवरते. पुरावा नाही, आणि दोन ठिकाणी माणसांना तोच प्रश्न पडून तेच उत्तर सुचायला कुणी कुणाकडून उसनं घ्यावं लागत नाही.

१२०८ मध्ये पोपचा एक प्रतिनिधी या भागात मारला गेला आणि त्या पोपने, तिसऱ्या इनोसंटने, धर्मयुद्ध पुकारलं. जेरुसलेमला न जाता घराजवळच पुण्य मिळणार म्हणून उत्तरेतून फौजा लोटल्या. २२ जुलै १२०९ रोजी बेझिए शहर एका दिवसात कापलं गेलं. फौजेबरोबर पोपचा प्रतिनिधी होता, सितोचा मठाधिपती आर्नो आमोरी. त्याने पोपला पाठवलेल्या पत्रात मेलेल्यांचा आकडा वीस हजारांच्या आसपास दिलाय, आणि तो तक्रारीच्या सुरात नाही. ‘सगळ्यांना मारा, देव आपले ओळखून घेईल’ हे प्रसिद्ध वाक्य याच्याच तोंडी घातलं जातं. ते त्याने म्हटलं असेल याची शक्यता कमी. लिहिणारा जर्मनीतल्या मठात बसला होता आणि त्याने ते बऱ्याच वर्षांनी लिहिलं. पण आमोरीचं मिनेर्व्हमधलं एक वाक्य त्याच्याच गोटातल्या माणसाने नोंदवलंय. मला विचाराल तर ते जास्त थंड आहे. त्याकडे येतेच.

बेझिए पडलं, कार्कासोन पडलं, तिथला तरुण त्रांकाव्हेल कैदेत मेला आणि त्याचा मुलूख सिमों द मोंफोर या उत्तरेकडच्या सरदाराला मिळाला. आसपासच्या भागातले भले लोक, पुरुष आणि बायका, आसऱ्याला मिनेर्व्हमध्ये आले होते. जूनमध्ये मोंफोरने वेढा घातला. जवळच्या नार्बोन शहराचे लोक त्याच्या मदतीला होते, कारण मिनेर्व्हशी त्यांचं जुनं वैर. धर्मयुद्ध म्हटलं तरी बांधावरची भांडणं त्यात मिटवून घेतली जातात, हे काही फ्रान्सपुरतं खरं नाही.

दरीपलीकडच्या पठारावर दगडफेकीची यंत्रं उभी राहिली. त्यातल्या सर्वांत मोठ्या यंत्राला सैनिकांनी नाव दिलं ‘मालव्वाझीन’, वाईट शेजारीण. ते चालवणाऱ्यांचा खर्चच दिवसाला २१ लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) होता अशी नोंद आहे. ही शेजारीण दिवसरात्र दगड टाकत राहिली. विहिरीकडे जाणारी वाट ढासळली. जूनचा शेवट, जुलै, लांगदोकचं, म्हणजे या दक्षिणेकडच्या मुलखाचं, ऊन. सप्टेंबरात मी तासभर त्या कड्याच्या काठावर उभी होते आणि बाटलीभर पाणी संपवलं. तेव्हा बाकीचं समजायला पुस्तक लागलं नाही.

एका रात्री गावातून काही माणसं गुपचूप बाहेर पडली. टोपल्यांत ताग, वाळकी लाकडं, चरबी. शेजारिणीपाशी पोचून त्यांनी त्या टोपल्या तिच्यावर अडकवल्या आणि पेटवून दिल्या. लाकडी यंत्र, उन्हाळा. दहा मिनिटांत राख झाली असती. पण यंत्रावरचा एक कारागीर नेमका लघवीला उठला होता. त्याने आग पाहिली आणि बोंब मारली. एकाने त्याच्यावर भाला चालवला, तो जखमी झाला, पण छावणी जागी झाली होती. आग विझली. शेजारीण दोन-चार दगडांपुरती थांबली असेल, नसेल.

हे इतक्या तपशिलाने आपल्याला माहीत आहे ते प्येर नावाच्या एका तरुण संन्याशामुळे. व्हो-द-सेर्ने मठातला हा मुलगा, तिथल्या मठाधिपतीचा पुतण्या, मोंफोरचा निस्सीम भक्त. तो स्वतः या मुलखात आला वेढ्यानंतर, १२१२ मध्ये. म्हणजे मिनेर्व्हची हकिकत त्याने काकांकडून आणि छावणीतल्या इतरांकडून ऐकून लिहिली. तो पक्षपाती आहे, द्वेषाने भरलेला आहे, आणि त्याचा तपशिलाचा हव्यास असा की लघवीला उठलेला माणूसही सुटत नाही. मला तो आवडत नाही, पण त्याच्याशिवाय इलाज नाही. मिनेर्व्हच्या बाजूने लिहिलेला एक कागद नाही.

पाणी आणि अन्न दोन्ही संपलं. गावाचा मालक, गियेम, बोलणीसाठी खाली उतरला. अटी ठरत असतानाच आर्नो आमोरी येऊन पोचला आणि मोंफोरने निर्णय त्याच्यावर सोपवला. प्येर लिहितो की मठाधिपती अडचणीत पडला : ख्रिस्ताचे शत्रू मरावेत ही त्याची मनापासूनची इच्छा, पण आपण पडलो संन्यासी आणि धर्मगुरू, मृत्युदंड आपल्या तोंडून कसा द्यायचा? मग त्याने तोडगा काढला. जे आपली श्रद्धा सोडतील त्या सगळ्यांना जीवदान, दीक्षित असले तरी. यावर एक सरदार चिडला. हे लोक भीतीपोटी हो म्हणतील आणि सुटतील, आपण आलो ते यांना संपवायला! आमोरीने त्याला शांत केलं. काळजी करू नकोस, फार थोडे बदलतील असं मला वाटतं.

हेच ते वाक्य. त्याचा अंदाज बरोबर होता, कारण तो आपल्या शत्रूला ओळखून होता. त्यांच्या खरेपणाची इतकी खात्री त्यांच्या मित्रांनीही दिली नसती.

प्येरचे काका आधी पुरुषांच्या घरात उपदेशाला गेले. कशाला बोलता, तुमचा धर्म आम्हाला नको, असं त्यांनी मध्येच तोडलं. मग काका बायकांच्या घरात गेले. तिथे अजून वाईट अनुभव आला, प्येर म्हणतो. बायका जास्त हट्टी. मोठी चिता रचली गेली. १४० किंवा त्याहून जास्त माणसं. तीन बायका तेवढ्या मागे फिरल्या, उत्तरेतल्याच एका सरदाराच्या आईने त्यांना वळवलं. बाकीच्यांना ढकलावंही लागलं नाही, प्येर लिहितो, ते स्वतःच आगीत शिरले.

इथे एक दुसरा आवाज आहे. गियेम द त्युदेल हा उत्तर स्पेनमधल्या नव्हारकडचा एक कवी, तोही धर्मयुद्धाच्याच बाजूचा, पण लिहिणारा ऑक्सितानमध्ये. त्याने मिनेर्व्हला मोजून काही ओळी दिल्यात. त्याच्या ओळींत बायका आगीत किंचाळतात. मग प्रेतं चिखलात टाकून बुजवली, बाहेरून आलेल्या आपल्या लोकांना दुर्गंधीचा त्रास नको म्हणून.

दोघेही एकाच बाजूचे, दोघांनाही या लोकांबद्दल प्रेम नाही. एकाच्या लिखाणात ते हुतात्म्यांसारखे चालत जातात, दुसऱ्याच्या लिखाणात माणसांसारखे ओरडतात. पर्यटन-फलकांना प्येर आवडतो, ते उघड आहे. माझा विश्वास त्युदेलवर जास्त बसतो. ओरडल्याने कुणाची निष्ठा कमी होत नाही, आणि दुर्गंधीचा तपशील कुणी शोभेसाठी घालत नाही.

गावात शिरल्यावर ‘हुतात्म्यांची गल्ली’ लागते. एका बाजूला चिनी मातीची भांडी, एका बाजूला पोस्टकार्डं, खिडकीत झोपलेलं मांजर. चर्चपाशी एक उभा ओबडधोबड दगड आहे. त्यात झां-ल्युक सेव्हराक या शिल्पकाराने कबुतराचा आकार कोरलाय. कोरलाय म्हणजे आरपार काढून टाकलाय. कबुतराच्या जागी पलीकडचं आकाश दिसतं. खाली ऑक्सितानमध्ये दोनच शब्द आणि साल : कॅथरांना, १२१०. मला स्मारकं सहसा आवडत नाहीत, त्यांत बहुधा स्मारक उभारणाऱ्यांचंच कौतुक असतं. हे आवडलं.

चर्चला कुलूप होतं. आतली संगमरवरी वेदी इसवी सन ४५६ ची, नार्बोनच्या रुस्तिक नावाच्या बिशपने बसवलेली. विहिरीचं नाव त्याच्याचवरून. पाचव्या शतकापासून नवव्यापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तिच्यावर आपली नावं खरडून ठेवलीत. आपल्या किल्ल्यांवर बदाम कोरणाऱ्यांना आपण शिव्या देतो. आणखी बाराशे वर्षं टिकले तर त्यांनाही काचेत ठेवतील.

जवळच एक छोटं संग्रहालय आहे, त्यात मातीच्या रंगीत बाहुल्यांनी हे सगळं मांडलंय. बेझिए, वेढा, चिता, सगळं वीतभर उंचीच्या बाहुल्यांत. शाळकरी पोरांना आवडेल आणि रात्री झोप लागणार नाही, असं काहीतरी. भाचा म्हणाला, “मावशी, चितेपाशीच्या बाहुल्यांचे चेहरे सगळे सारखेच आहेत.” खरं म्हणजे बरोबरच आहे ते. त्या १४० जणांपैकी एकाचंही नाव प्येर देत नाही, त्युदेलही देत नाही. कारागिराची लघवी नोंदली गेली, यांची नावं नाहीत.

दुपारी जेवायला बसलो तर फळ्यावर खडूने लिहिलेल्या पदार्थांत अग्रभागी ‘कॅथर कासुले’. पांढरे घेवडे, त्यात बदकाची तंगडी, डुकराचं सॉसेज, वरून चरबी. अंडंसुद्धा न खाणाऱ्या माणसांच्या नावाने! या सगळ्या टापूत असंच आहे. शेजारच्या ओद जिल्ह्याने तर ‘कॅथर प्रदेश’ असा अधिकृत शिक्का केलाय. किल्ले, खानावळी, मध, सगळ्यावर तोच. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी या लोकांची आठवण इथे कुणी फारशी काढत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात नापोलेओं पेरा नावाच्या पाद्र्याने ती काव्यमय करून जागवली, पुढे दक्षिणेच्या अस्मितेने ती उचलली, मग पर्यटन खात्याने. आता काही इतिहासकार म्हणतात की ‘कॅथर’ नावाचा संघटित पंथ असा नव्हताच, तो छळणाऱ्यांनी आपल्या डोक्यात रचला. बाकीचे म्हणतात, इतकंही नाही. वाद तुंबळ चालू आहे. मी कोशिंबीर आणि चीज मागवलं. भाच्याने कासुले खाल्लं आणि छान होतं म्हणाला.

वाइन मिनेर्व्हुआची, या गावाच्याच नावाची. द्राक्षतोडणीचे दिवस होते, पठारावरून खाली पाहिलं की मळ्यांत यंत्रं फिरताना दिसत होती. या पट्ट्याने आणखी एक बंड पाहिलंय. १९०७ मध्ये वाइनचे भाव कोसळल्यावर इथल्याच आर्जेलिए गावातून द्राक्षवाल्यांचं आंदोलन उठलं आणि लाखोंनी माणसं रस्त्यावर आली. त्यावर एक वेगळा लेख होईल.

परतताना भाचा नावांवरच अडकला होता. कुणीच कशी लिहून ठेवली नाहीत? मी त्याला सांगितलं की पुढच्या पिढीची लिहिली, तीही चिकार, आणि ती आहेत त्याच्याच शहरात. १२४५-४६ मध्ये तुलूझच्या सेंट-सेर्नँ मठात दोन धर्मपरीक्षकांनी आसपासच्या गावांतून पाच हजारांहून जास्त माणसं बोलावून घेतली आणि एकेकाची जबानी उतरवून घेतली. भले लोक कुठे पाहिले, कोणाबरोबर, त्यांच्यापुढे गुडघे टेकले का. जबान्यांची नक्कल तुलूझच्या नगर-ग्रंथालयात आहे, हस्तलिखित क्रमांक ६०९. सेंट-सेर्नँपासून पायी काही मिनिटांवर. त्या रस्त्याने तो रोज सायकलवरून जातो.

“मग त्यात काय आहे नक्की?” त्याने विचारलं.

बहुतेक अगदी किरकोळ गोष्टी. एकाने सांगितलंय की लहान असताना तो या लोकांच्या घरात शिरला होता. त्यांनी त्याला अक्रोड खायला दिले, आणि गुडघे टेकून आशीर्वाद कसा मागायचा ते शिकवलं. लेखनिकाने ते लॅटिनमध्ये उतरवून घेतलं, अक्रोडांसकट.